उबेसाठी थोडी थंडी हवी

डिसेंबर लागला की इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात एक टेबल वेगळं मांडलेलं दिसतं. त्यावरच्या मुखपृष्ठांवर बर्फ असतो, दिवा लागलेली खिडकी असते आणि खिडकीत बहुधा मांजर असतं. लेखक बदलतो, चित्र तेच राहतं. सुट्टीत डोक्याला ताप नको, शेवट गोड हवा, पांघरुणात शिरून दोन बैठकांत संपावं असं काही हवं, म्हणणाऱ्यांसाठी ही सोय. मागणी रास्तच आहे. वर्षभर बातम्या वाचून दमलेल्या माणसानं वर्षाअखेरीस थोडं हसायला मागितलं तर त्यात वावगं काय? पण त्या टेबलावरची पुस्तकं ओळीनं वाचायला घेतली की तिसऱ्यात जांभया सुरू होतात. सगळेच सज्जन, घरोघरी केकचा घमघमाट, कोणाचं काही बिघडतच नाही. मग जुळून यायचं तरी काय?

गेल्या दोनशे वर्षांतल्या नाताळच्या वाचनाकडे मागे वळून पाहिलं तर एक गंमत दिसते. ज्या पुस्तकांनी या सणाची ऊब घडवली, ती अशी गुळमट नव्हतीच. त्यांत कर्जबाजारी होते, भुतं होती, चोर होते, सरळसरळ खूनही होते.

आपल्या मनातला तो इंग्लंडचा नाताळ, म्हणजे शेकोटी, मोठ्ठं जेवण, लांबून आलेले पाहुणे, हा कागदावर आणला तो एका अमेरिकन माणसानं. वॉशिंग्टन आयर्विंगचं ‘द स्केच बुक’ १८१९-२० मध्ये भागाभागानं निघालं. त्यातल्या नाताळच्या लेखांत ब्रेसब्रिज नावाचा खेड्यातला एक जुना जमीनदार आहे. घर भरलेलं आहे, नाचगाणी आहेत. पण म्हातारा मनातून खट्टू आहे, कारण जुने रीतिरिवाज कोणी पाळत नाही. म्हणजे ‘पूर्वीसारखा सण राहिला नाही’ हे रडगाणं १८२० मध्येही चालू होतं.

१८२२च्या अखेरीस लंडनचा प्रकाशक रुडॉल्फ आकरमन यानं ‘फर्गेट मी नॉट’ नावाचं वार्षिक काढलं. कविता, गोष्टी, कोरीव चित्रं आणि देखणी बांधणी. नाताळला आणि नववर्षाला पुस्तक भेट द्यायचं हा धंदा तिथून जोरात आला. त्याच्या नकला इतक्या निघाल्या की पुढची दोन दशकं दिवाणखान्यातली टेबलं असल्या वार्षिकांनी भरून गेली. त्यांतलं आज फारसं कोणी वाचत नाही. ती वाचण्यापेक्षा देण्यासाठीच जास्त होती.

मग आला डिकन्स. ‘पिकविक पेपर्स’चा डिसेंबर १८३६च्या अखेरचा हप्ता डिंगली डेलच्या नाताळचा. लग्न, नाच, बर्फावर घसरणं, भरल्या पोटाची मजा. आणि या मजेच्या ऐन मध्यात यजमान गोष्ट सांगायला बसतो, ती गेब्रियल ग्रब या खडूस थडगेखणकाची. लोक हसताना पाहून ज्याच्या पोटात दुखतं असा हा माणूस नाताळच्या आदल्या रात्री कबर खणत बसतो. तिथं भुतंखेतं त्याला उचलून जमिनीखाली नेतात आणि सुधारून परत सोडतात. सात वर्षांनी हाच सांगाडा अंगाखांद्यानं भरून पुन्हा उभा राहिला, ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधल्या स्क्रूजच्या रूपानं.

‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ला बाजारात आलं. त्याच वर्षी हेन्री कोल या गृहस्थानं पहिलं छापील नाताळ-कार्ड काढलं होतं, हाही योगायोग बघण्यासारखा. डिकन्सच्या डोक्यात मात्र कार्डांवरचा गोडवा नव्हता. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल त्यानं वाचला होता, लंडनच्या फील्ड लेनमधली कंगाल पोरांची शाळा डोळ्यांनी पाहिली होती. आधी त्याला या विषयावर एक पत्रक काढायचं होतं. पत्रक बाजूला पडलं आणि सुमारे सहा आठवड्यांत ही गोष्ट लिहून झाली.

पुस्तक दिसायला कसं असावं याबद्दल तो हट्टी होता. तांबूस कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, जॉन लीचची हातानं रंगवलेली चार चित्रं. छपाईचा खर्च त्यानं स्वतः सोसला आणि किंमत ठेवली पाच शिलिंग. याच पुस्तकातला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो. म्हणजे ज्याच्या गरिबीवर वाचकानं डोळे पुसायचे, त्याला हे पुस्तक घ्यायचं तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. पण सजावटीच्या खर्चानं नफा खाऊन टाकला. हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती आले सुमारे २३० पौंड. वर जानेवारीत एकानं चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, प्रतिवादींनी दिवाळं काढलं आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला.

आज आपण या पुस्तकाला ‘गोड’ म्हणतो, ते शेवट लक्षात राहतो म्हणून. उघडून पाहा: पहिल्याच वाक्यात मढं आहे. धुकं आहे, कोळशाच्या एका खड्यावर भागवणारं ऑफिस आहे, मेलेल्या माणसाच्या पलंगाचे पडदेसुद्धा काढून विकणारी बाई आहे. क्रॅचिटांच्या टेबलावरचा तो एवढासा पुडिंगचा गोळा इतका चविष्ट लागतो, तो या थंडीमुळे. पुढे डिकन्सनं आणखी चार नाताळ-पुस्तकं लिहिली आणि आपल्या साप्ताहिकांचे नाताळचे खास अंक १८६७पर्यंत चालवले. एकही ‘कॅरोल’च्या पायरीला पोचलं नाही, पण एक सवय लागून गेली. नाताळ म्हणजे गोष्ट, आणि गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा भुताची.

भूतच का? लंडनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हा घरातली सगळी माणसं एकाच शेकोटीपाशी जमायची आणि रात्र लांबलचक असायची. अशा वेळी कोणीतरी घाबरवणारं हवंच. हे इतकं ठरून गेलं की १८९१ मध्ये जेरोम के. जेरोमनं ‘टोल्ड आफ्टर सपर’मध्ये त्याची यथेच्छ टिंगल केली. जेवून, पिऊन तर्र झालेली मंडळी एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात आणि प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा भिकार. ‘थ्री मेन इन अ बोट’ वाचून लोळलेल्यांनी हे छोटं पुस्तक चुकवू नये.

भुतांच्या जागी हळूहळू गुप्तहेर आले. शेरलॉक होम्स जगात अवतरला तोच एका नाताळ अंकात: १८८७च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये. एका शिलिंगाच्या त्या अंकातल्या कादंबरीचे सगळे हक्क कॉनन डॉइलनं २५ पौंडांना विकले होते. त्या गोष्टीत नाताळ मात्र औषधालाही नाही. तो आला जानेवारी १८९२च्या ‘स्ट्रँड’मध्ये, ‘द ब्लू कार्बंकल’ या गोष्टीत. आणि हलक्याफुलक्या नाताळ-वाचनाचा नमुना दाखवायचा तर माझं बोट आधी हिच्यावर पडेल.

एका सरदारीणबाईचं निळं रत्न चोरीला जातं आणि सापडतं ते नाताळसाठी कापलेल्या हंसाच्या पोटात. हंस कोणाचा, तर रस्त्यात टोपी टाकून पळालेल्या एका अनोळखी इसमाचा. होम्स टोपी हातात घेतो आणि माणूस वाचायला लागतो. टोपी कित्येक आठवडे ब्रश न केलेली, म्हणजे बायकोचं प्रेम आटलं! माग निघतो तो एका गुत्त्यापर्यंत. तिथला मालक गिऱ्हाइकांकडून आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवून नाताळला प्रत्येकाला हंस देत असतो, चक्क भिशीच ती. पुढचा दुवा असतो हंस विकणाऱ्या एका तिरसट दुकानदाराकडे, आणि तो काही दाद देत नाही. होम्सला त्याच्या खिशातून डोकावणारा शर्यतींचा कागद दिसतो. झालं. हंस गावाकडचे की शहरातले, यावर होम्स पैज लावतो, मुद्दाम हरतो आणि दुकानदार फुशारकीनं वहीच उघडून दाखवतो. शेवटी खरा चोर रडत पायाशी येतो आणि होम्स दार उघडून त्याला जाऊ देतो. सणाचे दिवस आहेत, एक माणूस तुरुंगातून वाचला तर वाचला. एका बैठकीत संपणाऱ्या या गोष्टीत गुन्हा आहे, हाडं गोठवणारी रात्र आहे, हसू आहे आणि क्षमा आहे.

दोन महायुद्धांच्या मधला काळ या वाचनाचा सुकाळ. वुडहाउसची ‘जीव्ह्ज अँड द यूल-टाइड स्पिरिट’ १९२७ची. बर्टी वूस्टर सूड म्हणून मध्यरात्री कोणाच्या तरी गरम पाण्याच्या रबरी पिशवीला सुई टोचायला निघतो आणि बिछान्यात भलताच माणूस निघतो. यात ना भूत ना खून. पण बर्टीचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि आपण त्यावरच जगतो.

१९३७ मध्ये जेफरसन फार्जनची ‘मिस्टरी इन व्हाइट’ आली. नाताळच्या आदल्या दिवशी आगगाडी बर्फात अडकते. काही प्रवासी चालत निघतात आणि एका घरात शिरतात. शेकोटी पेटलेली, टेबलावर चहा मांडलेला आणि घरात चिटपाखरू नाही. ऊब हवी तेवढी आहे आणि तिच्याकडे पाहूनच अंगावर काटा येतो. ही कादंबरी विस्मरणात गेली होती. ब्रिटिश लायब्ररीनं २०१४ मध्ये पुन्हा छापली आणि हातोहात खपली. तिच्यामागोमाग जुन्या रहस्यकथांच्या कितीतरी नव्या आवृत्त्या नाताळच्या टेबलावर आल्या.

अगाथा ख्रिस्तीच्या प्रकाशकांनी तर दर नाताळला एक ख्रिस्ती ही जाहिरातच करून टाकली होती. ‘हर्क्यूल प्वारोज ख्रिसमस’ १९३८ची. तिचे खून हल्ली फार सोवळे होत चाललेत, अशी तिच्या बहिणीच्या नवऱ्याची तक्रार होती. म्हणून बाईंनी भरपूर रक्त सांडून ही कादंबरी त्यालाच अर्पण केली. घरगुती भेट म्हणावी तर अशी! १९६०च्या ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’च्या प्रास्ताविकात मात्र तीच बाई लहानपणीच्या ॲबनी हॉलमधल्या नाताळच्या आठवणींत रमली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या वाचनानं वेगळीच वाट धरली, आइसलँडमध्ये. इतर आयात मालावर निर्बंध होते, कागदावर त्या मानानं कमी; तेव्हा लोकांनी एकमेकांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९४४पासून तिथले प्रकाशक नव्या पुस्तकांची यादी दरवर्षी छापत आले आहेत आणि कित्येक दशकं ती घरोघरी पोचत होती. २४ डिसेंबरच्या रात्री भेटी उघडायच्या आणि पुस्तक घेऊन बसायचं. आता या रात्री काय वाचतात? आर्नाल्दुर इंद्रिदासन हा तिथला लोकप्रिय लेखक रहस्यकथाकार आहे आणि त्याची नवी कादंबरी नाताळच्या तोंडावर, नोव्हेंबरातच येते. दिवसाचे चारपाच तास उजेड पाहणारी माणसंही सणाला खुनाचा तपासच वाचतात.

त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडमध्ये लेखक टोल्किन आपल्या मुलांना दर नाताळला उत्तर ध्रुवावरून पत्रं पाठवत होता, फादर ख्रिसमसच्या थरथरत्या अक्षरात. १९२०ला थोरला मुलगा तीन वर्षांचा असताना पहिलं पत्र गेलं, शेवटचं १९४३चं. त्यात ध्रुवीय अस्वल भेटवस्तूंसकट जिन्यावरून गडगडतं, उचापती करून घराची वाट लावतं, आणि पुढे युद्धाच्या वर्षांत ध्रुवावरचं कोठारही रिकामं होत जातं. ही पत्रं पुस्तकरूपानं १९७६ मध्ये आली. घरात मूल असेल तर रोज एक पत्र मोठ्यानं वाचावं.

आपल्याला हे सगळं परकं वाटू नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून सण म्हणजे अंक हे समीकरण मराठी घरात पक्कं आहे. आपणही फराळाबरोबर ‘आवाज’च्या खिडक्या उघडून हसलो आणि ‘नवल’मधल्या गूढकथा वाचून रात्री पाणी प्यायला उठायला घाबरलो. सणाच्या वाचनात भीती आणि हसू एका पंगतीला बसतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना नाताळपर्यंत चालूच असतात. अर्धवट राहिलेले अंक आणि डिसेंबरची सुट्टी यांची गाठ तशीही पडतेच.

अलीकडच्या वर्षांत त्या टेबलावर गर्दी वाढली आहे. रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’नं २०२० मध्ये घरगुती रहस्यकथेला नवं वारं दिलं. जॅनिस हॅलेटची ‘द ख्रिसमस अपील’ (२०२३) गावातल्या हौशी नाटक मंडळींच्या ईमेल आणि मेसेजमधून उलगडते. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी वर्षभर काढलं आहे त्यांना ती जास्तच रुचेल. दुसऱ्या टोकाला क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१). १९८५चं आयर्लंड, कोळसा विकणारा एक बापमाणूस आणि कॉन्व्हेंटच्या भिंतीआड डांबलेल्या मुली. हलकीफुलकी नाहीच ही, पण डिकन्सची खरी वारस हीच. आणि जेमतेम शंभरेक पानांची.

तेव्हा निवडताना मुखपृष्ठावरचं मांजर पाहू नका. पहिली पाच पानं चाळा आणि बघा, कोणाचं काही अडलंय का? नोकरी, हंस, आगगाडी, काहीही चालेल. अडलं असेल तर घ्या. जाडी दोन संध्याकाळींत मावेल एवढीच असावी, कारण पाहुणे येणारच. सुरुवात ‘ब्लू कार्बंकल’नं करा, मग वुडहाउस, मग फार्जन. ‘कॅरोल’ सिनेमात पाहिलंय म्हणून सोडू नका. आणि एवढं करूनही सगळं आलबेल असलेलीच गोष्ट हवी असेल, तर त्या टेबलावरचं कुठलंही उचला. झोप मात्र छान लागेल.