मुलाचा धर्म वेगळा असेल तर?

आसनगावच्या श्रोत्यांतून चिठ्ठी आलीय : वेगळ्या धर्माचं मूल आम्हाला सांभाळायला मिळेल का? मिळू शकतं. निर्णय बाल कल्याण समितीचा. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 बघा. प्रतिपालक कुटुंबाचा हेतू, क्षमता, मुलं सांभाळण्याचा अनुभव पाहा म्हणतं. धर्माची अट नाही. (दत्तकाचं वेगळं, ते कायमचं. तोही मार्ग सर्वधर्मीयांना खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सांगितलं.)

पण प्रतिपालकाकडचं मूल उद्या आपल्या घरी परतू शकतं. आणि 1989 चा बालहक्क करार सांगतो, त्याचा धर्म, भाषा, संस्कार यांचा धागा तुटू नये हे बघा. तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यात कोण, हा प्रश्नच नाही. दहा वर्षांच्या पोराने रोजा धरायचा म्हटलं, तर पहाटे उठून त्याला सहरी कोण करून देणार? ते आधी घरात बोलून घ्या, मग अर्ज करा.