ईश्वरचिठ्ठी आणि पहिली पाटी

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघा उमेदवारांना सारखी मते पडली, म्हणजे ईश्वरचिठ्ठी काढतात. दोन चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एखाद्या लहान मुलाला पुढे बोलवायचे आणि त्याच्या हातून एक उचलायची. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, सहसा कोणी भांडत नाही. कारण त्या मुलाला कोणाचा पक्ष ठाऊक नसतो. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु याच जिल्ह्यात आता दुसरीही एक चिठ्ठी निघते. ती लहान मुलांच्या हातून नव्हे, तर लहान मुलांच्याच नावाने निघते. हिचा विचार आज करावयाचा आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी आपल्या पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना विनामूल्य द्यावयाच्या असतात. शाळेला बालवर्ग असेल, तर तेथील प्रवेशासही हाच नियम लागू आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा न्यायालयाच्या निर्णयांमुळे यातून वगळलेल्या आहेत.

आता जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, असे झाल्यावर वाटणी करावी कशी? बालकाची परीक्षा घ्यावी, तर तीन वर्षांच्या जिवाची परीक्षा ती काय घेणार? ती खरोखर आईबापांच्या शिक्षणाची आणि खिशाचीच परीक्षा होते. ओळखीने द्यावी, तर ज्याची ओळख नाही त्याच्यासाठीच तर हा कायदा! म्हणून कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. मग उरली ती सोडतच. प्राचीन अथेन्समध्येही कित्येक अधिकारी सोडतीने नेमीत, ते याच विचाराने.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शाळेच्या प्रवेशवर्गात ४० जागा आहेत. त्यांपैकी १० या कायद्याच्या. अर्ज आले ३०. संगणकाने सोडत काढली, १० नावे निवडयादीत गेली. राहिलेल्यांतून प्रतीक्षायादी लागली. निवड झालेल्यांपैकी दोघांची कागदपत्रे अपुरी ठरली आणि एकाने प्रवेशच घेतला नाही, तर तीन जागा मोकळ्या होतात. त्या प्रतीक्षायादीतील पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाला मिळतात. चौथ्याला नाही, मग चौथ्याचा मामा कोणीही असो. प्रतीक्षायादी म्हणजे रांग होय. "पैसे द्या, नाव वर सरकवतो" असे जो म्हणतो, तो त्या रांगेचा मालक नसून पालकाच्या काळजीचा व्यापारी आहे, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

आणखी एक गोष्ट. ज्याचे नाव निघाले नाही ते मूल नापास झालेले नाही. चिठ्ठीला हुशारी दिसत नाही, तसा मठ्ठपणाही दिसत नाही. मुलासमोर हळहळणाऱ्या आईबापांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

येथवर सोडतीची बाजू निर्दोष दिसते. तथापि चिठ्ठी न्यायी असते ती डब्यात पडलेल्यांपुरतीच. जिची चिठ्ठी डब्यात पडलीच नाही, तिला न्याय कोण देणार? खरी गळती सोडतीत नव्हे, सोडतीच्या आधी आणि नंतर कागदांत होते. वंचित गटातील पालकास जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. दुर्बल गटातील पालकास वार्षिक एक लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. जन्माचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा दोघांनाही हवा. भाड्याने राहणाऱ्याचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असला पाहिजे. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वीचा हवा. नाव लागल्यावर धावपळ करून आणलेला चालत नाही. अर्जात नकाशावर घराची खूण करावयाची असते; ती चुकली, तर लागलेला प्रवेशही जातो. एका बालकाचे दोन अर्ज केले, तरी तीच गत.

या कागदांची मुदत आमच्या जिल्ह्यातील एका मोठ्या वर्गाला कशी गाठते, ते पाहण्यासारखे आहे. २०२५-२६ सालचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये भरून घेतले आणि फेब्रुवारीत सोडत निघाली. हे दिवस गळिताच्या हंगामाचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ती उन्हाळ्यात परततात. मूल फडात, कागद गावात, आणि निवडीचा निरोप त्या भ्रमणध्वनीवर, ज्यात कधी पैसे असतात, कधी नसतात. निरोपावर विसंबू नये, यादी स्वतः पाहावी, असा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळावयाचा, तर गावातील शिकल्यासवरल्या माणसाने हंगामापूर्वीच त्या घरी जाऊन दाखले जमवून दिले पाहिजेत. दसऱ्याच्या आधी गावाने हे काम केले, तर त्याचे मोल मोठ्या देणगीहून कमी नाही.

नाव लागले म्हणजे सारे संपले, असेही नाही. मोफत शिक्षणाचा हा हक्क आठवीपर्यंत आहे. नववीचे शुल्क पालकाच्या दारी उभे राहतेच. याचा विचार पहिल्या दिवशी करावा. आणि नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची सूचना वाचावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने अशी दुरुस्ती केली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने ती १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरविली. तोवर शाळा सुरू झाल्या होत्या आणि मुले घरी वाट पाहत होती.

ज्यांचे नाव निघाले नाही, त्यांना दार बंद आहे काय? मुळीच नाही. अंगणवाडीला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला सोडत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण ही शाळा केवळ उरलेल्यांची शाळा होऊन बसली, तर सोडतीची लांबच लांब रांग कधीच सरणार नाही.

मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी याच नगरात पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली त्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारच्या सर्व मुलांसाठी एकच शाळा सुचविली. या साऱ्यांना मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या अभिप्रेत नव्हत्या. आम्हांस वाटते, सोडत ही टंचाईच्या दिवसांतील शिधापत्रिकेसारखी आहे. टंचाई आहे तोवर ती प्रामाणिकपणे चालवावी आणि प्रत्येक मुलाची चिठ्ठी डब्यात पडेल असे पाहावे. मात्र शिधापत्रिका म्हणजे सुगी नव्हे. सुगी यावयाची ती गावच्या शाळेतूनच.