टाळेबंदी म्हणजे नक्की काय?

पेपरात 'संप' आणि 'टाळेबंदी' हे शब्द जोडीने येतात, पण संप हे कामगारांचं हत्यार आणि टाळेबंदी मालकाचं. टाळेबंदी म्हणजे कारखाना कायमचा बंद करणं नव्हे. काम तात्पुरतं थांबवणं किंवा कामगारांना कामावर घ्यायला नकार देणं, एवढाच तिचा अर्थ. गेटला कुलूप लागलं तरी तेवढ्याने नोकरी तुटत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यात आगाऊ नोटिशीची सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि किमान १४ दिवसांची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना बंधनकारक झाली. सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची बोलणी चालू असताना आणि नंतरचे ७ दिवस टाळं लावता येत नाही. बेकायदा टाळेबंदीला ५० हजार ते १ लाख रुपये दंड, महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. मात्र बेकायदा संपामुळे केलेली टाळेबंदी बेकायदा ठरत नाही.

उद्या आपल्यातले काही जण शॉपफ्लोअरवर असतील, काही मॅनेजरच्या केबिनमध्ये. दोघांनीही नोटिशीवरची तारीख आधी वाचावी!