पडद्यावरचे प्राणी एवढे का चवताळतात?

दुपारी शाळेतून येऊन मुलांनी दप्तर कोपऱ्यात टाकलं, की घरोघरी टीव्ही सुरू होतो. आपण स्वयंपाकघरात असतो. कानांवर येतो तो फूत्कार, किंचाळ्या आणि विजेचा कडकडाट. ‘काय मेली ती सारखी मारामारी!’ असं पुटपुटत आपण कणीक मळत राहतो. ‘पोकेमॉन’ ही जपानी चित्रमालिका भारतात २००३ साली कार्टून नेटवर्कवर आली, तेव्हापासून कित्येक घरांत हेच चाललं आहे. त्या वेळी ती पाहणारी मुलं-मुली आता स्वतः आईबाप झाली, तरी त्यातल्या पिवळ्याधमक पिकाचूचं वेड काही ओसरलं नाही.

या मालिकेत माणसांनी पाळलेले विचित्र प्राणी असतात, तसेच रानातलेही असतात. रानातले प्राणी उठल्यासुटल्या माणसांच्या अंगावर धावून जातात असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. ‘हे पाहून मुलं हिंसक होतील का?’ अशी धास्ती आयांना वाटली तर नवल नाही. पण मैत्रिणींनो, एक दिवस हातातलं काम बाजूला ठेवून मुलांशेजारी बसा आणि भांडण सुरू होण्याच्या आधीची दोन मिनिटं नीट पाहा. तो प्राणी का चिडला, याचं उत्तर बहुधा तिथंच सापडतं.

पहिलं कारण अगदी साधं आहे. ही मालिका मुळात एका खेळावरून निघाली. १९९६ साली जपानात हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘पोकेमॉन’चा खेळ आला. त्यात उंच गवतातून चालताना एखादा रानटी प्राणी अचानक समोर येतो आणि झुंज सुरू होते. झुंज नाही तर खेळच नाही! १ एप्रिल १९९७ रोजी जपानात मालिका सुरू झाली, तेव्हा हा शिरस्ता तिच्यातही आला. पण गोष्ट सांगायची तर झुंजीला कारण हवं, आणि ही कारणं लिहिणाऱ्यांनी मोठी विचारपूर्वक दिली आहेत.

पहिलाच भाग घ्या. दहा वर्षांचा अ‍ॅश पिकाचूला घेऊन घराबाहेर पडतो. पक्षी पकडायची त्याला कोण घाई! काही केल्या साधेना, तेव्हा तो दगड भिरकावतो. तो लागतो नेमका स्पिअरो नावाच्या तापट पक्ष्याला. मग काय, स्पिअरो तर चवताळतोच, पण पुढे त्याचा अख्खा थवा मागे लागतो. दगड मारला अ‍ॅशने आणि चोची खाल्ल्या बिचाऱ्या पिकाचूने! अ‍ॅशजवळचं माहिती सांगणारं यंत्र आणखी एक गोष्ट सांगतं. माणसाळलेल्या प्राण्यांचा रानातल्या प्राण्यांना हेवा वाटतो, म्हणे. आपल्या गल्लीतही गळ्यात पट्टा घातलेला कुत्रा दिसला की मोकाट कुत्री कशी भुंकत सुटतात, ते आठवून पाहा.

दुसरं कारण घराचं. पहिल्या काही भागांतच बीड्रिल नावाच्या प्रचंड गांधीलमाश्यांचा थवा माणसांच्या मागे लागतो. त्यांच्या वस्तीजवळ गेलेलं त्यांना खपत नाही. ही नुसती कल्पना नव्हे. जपानातली मोठी गांधीलमाशी आपल्या अंगठ्याएवढी असते आणि पोळ्याजवळ गेलेल्या माणसाला ती सोडत नाही. गांधीलमाश्यांच्या दंशाने तिथं दरवर्षी काही माणसं दगावतात. आपल्याकडचं आग्या मोहोळ काय वेगळं आहे? गडावर सहलीला गेलेली मंडळी शेकोटी पेटवतात, धूर कड्याला लागतो आणि मग पळता भुई थोडी होते. उन्हाळ्यात डोक्यावर टोच मारणारा कावळाही झाडावरची पिल्लंच राखत असतो.

घराचीच आणखी एक गोष्ट आहे. समुद्रकाठी हॉटेल बांधायचं म्हणून एक धनाढ्य बाई समुद्रातल्या टेंटाकूल नावाच्या प्राण्यांचा निःपात करायला निघते. त्यांच्या प्रवाळांच्या घरावरच तिचं बांधकाम चाललेलं असतं. शेवटी एक अवाढव्य टेंटाक्रुएल पाण्यातून उठतो आणि शहराची नासधूस करतो. मुलांना त्या भागात राक्षस दिसतो, पण आपल्याला दिसतं ते घर मोडलेल्या जिवाचं दुःख.

हे लिहिणाऱ्यांना कुठून सुचलं असेल? खेळाचा जनक सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मला आणि टोकिओजवळच्या माचिदा गावात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा भारी नाद होता. पुढे गाव वाढलं, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि किडे नाहीसे झाले. शहरातल्या मुलांनाही किडे शोधण्याचा तो आनंद मिळावा, या इच्छेतून हा खेळ जन्मला. जपानी मालिकेतल्या नायकाचं नावही सातोशीच आहे, बरं का.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मॅजिकार्प नावाचा एक निरुपयोगी मासा या मालिकेत आहे. पाण्याबाहेर नुसता तडफडतो, लढता येत नाही म्हणून सगळे त्याला हसतात. एका भागात खलनायकांपैकी एक जण चिडून त्याला लाथ मारतो. त्या क्षणी त्या माशाचा ग्याराडोस नावाचा भयंकर जलसर्प होतो आणि तो आपल्या जातभाईंनाही बोलावून घेतो! धबधबा चढून जाणाऱ्या माशाचा ड्रॅगन होतो, अशी जुनी चिनी दंतकथा जपानातही घरोघरी ठाऊक आहे. तिथं ५ मे रोजी मुलांच्या सणाला उंच काठीवर कापडी मासे फडकवतात, ते याच कथेमुळे. पण लाथ मात्र मालिकेची स्वतःची. गरीब म्हणून ज्याला वर्षानुवर्षं गृहीत धरलं, त्याचा राग कसा उफाळतो, हे आपल्या घरांतून कुणाला वेगळं सांगायला हवं का?

म्हणून ‘किती दुष्ट आहे तो!’ असं मूल म्हणालं की त्याला एवढंच विचारा, “अरे, पण आधी काय झालं होतं?” ही सवय पडद्यापुरती राहत नाही. वर्गातलं मारकुटं पोर, धाकटं चिडकं भावंडं, सगळ्यांकडे मूल जरा निराळ्या नजरेनं पाहू लागतं. अर्थात कारण कळलं म्हणजे मारणं माफ झालं असं नव्हे, हेही सांगायला विसरू नका.

एका बाबतीत मात्र मुलांना सावध करायलाच हवं. मालिकेत प्रेमानं दोन शब्द बोललं की चवताळलेला प्राणी पुष्कळदा निवळतो, कधी मित्रही होतो. खऱ्या आयुष्यात तसं होत नाही. पिल्लं झालेली कुत्री, खात असलेलं जनावर, झोपलेला कुत्रा यांच्या जवळ जायचं नाही. दगड मारायचा नाही, शेपूट ओढायची नाही. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात अंगाशी धरून स्तब्ध उभं राहावं, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये.

आणि इतकं करूनही कुत्रा, मांजर किंवा माकड चावलंच, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जखम लहान दिसते म्हणून थांबू नका, कारण रेबीज एकदा उद्भवला की त्यातून वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पोटात टोचायची ती चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. हल्ली चार-पाच सुया दंडात घेतल्या की लस पूर्ण होते. जखम खोल असेल तर तिच्याभोवती आणखी एक औषध टोचतात. ओरडा बसेल म्हणून मुलं चावा लपवतात, तेव्हा ‘चावलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही’ हे त्यांना आजच सांगून ठेवा.