खर्जाची खरेदी

गाणं लागलं की आपला पाय आपोआप ठेका धरतो. कशाच्या जोरावर धरतो, हे मात्र आपण शोधायला जात नाही. गाणारीचा आवाज कळतो, बासरी कळते, ढोलक तर कळतोच. पण या सगळ्यांच्या खाली एक जाड, गोल आवाज चालत असतो. डग्ग्यासारखा घुमणारा, पण सुरात बोलणारा. तो बेस गिटारचा. एखाद्या तबलजीला डग्गा बाजूला ठेवून वाजवायला सांगा, गाणं कसं पोरकं होतं बघा! बेस काढून घेतला की बँडचं तसंच होतं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलाय, फक्त त्या आवाजाचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी काही वादक नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, घर सांभाळते आणि सांगलीतल्या एका वस्तीत आमच्या महिला मंडळाची अभ्यासिका बघते. तिथल्या मुलींचा एक वाद्यवृंद आहे. वाद्यवृंद म्हणजे काय, तर दोन गिटार, एक कीबोर्ड, एक काहोन (बसून वाजवायचं लाकडी खोकं) आणि गाणाऱ्या सहा जणी. सावित्रीबाईंची जयंती, आठ मार्च, गणपती, एवढे त्यांचे कार्यक्रम. ऐकणारे कौतुक करायचे, पण शिकवायला येणारे सर दर वेळी म्हणायचे, ‘‘ताई, सगळं छान आहे, पण गाण्याच्या खाली जमीनच नाही.’’

ही जमीन घालायला आमच्याकडे पैसे आले ते एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडून. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. पेन्शनमधून साठवलेले तीस हजार त्यांनी दिले, वाद्यासाठीच वापरायचे या अटीवर.

मग मंडळाच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. ‘‘एवढ्यात शिलाई मशीन आली असती,’’ एक जण म्हणाली. ‘‘गिटार वाजवून पोट भरतं का?’’ दुसरी. शिलाई मशीनशी माझं भांडण नाही. पण आमच्याकडे चार आहेत आणि त्यांतल्या दोनांवर कायम झाकण असतं. शिवाय मुलींना मिळणारी वस्तू उपयोगाचीच असायला हवी, हा नियम मुलग्यांच्या क्रिकेटच्या किटला कुणी लावलेला मी तरी पाहिला नाही. असो. बाईंची अट होती म्हणून विषय तिथेच मिटला.

खरी पंचाईत पुढेच होती. वाद्य एक आणि शिकणाऱ्या तिघी. थोरली एकोणीस वर्षांची, चांगली उंच, संध्याकाळी कापडाच्या दुकानात काम करणारी. मधली सोळाची. आणि धाकटी तेराची, हात म्हणजे चिमणीचा पंजा, पण कान तिघींत सगळ्यात तयार. पैसे पुन्हा मिळणार नव्हते. एका फटक्यात तिघींना पेलणारा बेस घ्यायचा होता.

दुकानात भिंतभर बेस टांगलेले दिसतात आणि डोकं गरगरतं. पण सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यांतल्या बहुतेकांची मुळं दोन घराण्यांत सापडतात. पहिलं घराणं प्रिसिजनचं. पूर्वी बँडमध्ये खालचा सूर धरायला असायचा तो उभा डबल बेस, माणसाहून उंच, आणि पडदे नसलेला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, विजेवरचा बेस बाजारात आणला. सतारीसारखे पडदे असल्यानं सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. गंमत म्हणजे लिओंना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यांच्याही आधी, १९३०च्या दशकात, सिॲटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी असाच एक विजेवरचा बेस बनवला होता. तो फारसा खपला नाही, पण कार्यक्रमांत तो वाजवायच्या कोण, तर त्यांच्या पत्नी लॉरेन. बेस हे पुरुषी वाद्य असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

प्रिसिजनला एकच पिकअप असतो, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी तारांखालची चुंबकपट्टी. १९५७ पासून ती दोन तुकड्यांत विभागलेली असते. दुसरं घराणं जॅझ बेसचं, १९६० सालचं. याला दोन पिकअप आणि दोघांचे आवाज कमीजास्त करायला वेगवेगळी बटणं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रिसिजन म्हणजे वरण. करायला सोपं, भरीव, पोटभरीचं. जॅझ म्हणजे आमटी, गूळ किती आणि चिंच किती हे तुम्ही ठरवायचं. जॅझची मान खुंट्यांच्या बाजूला निमुळती असते, साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनची तिथं ४१-४२. तीन-चार मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? धाकटीच्या मुठीला विचारा.

स्वस्त बेसमध्ये हल्ली दोन्ही घराण्यांची सोयरीक केलेली असते, एक पिकअप प्रिसिजनचा आणि एक जॅझचा. यामाहाचा टीआरबीएक्स १७४, स्क्वायरचा ॲफिनिटी प्रिसिजन पीजे, आयबानेझचा जीएसआर २०० हे त्यातले. नवशिक्यांसाठी हे उत्तम, कारण आपल्याला नक्की कुठला आवाज आवडतो हे सुरुवातीला कुठे ठाऊक असतं?

पुढचा प्रश्न बॅटरीचा. काही बेस ‘ॲक्टिव्ह’ असतात, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि जाड-पातळ आवाजाची जास्त बटणं मिळतात. यामाहाचा टीआरबीएक्स ३०४ तसा आहे. ‘पॅसिव्ह’ला बॅटरी लागत नाही. ॲक्टिव्ह वाईट नाही, पण त्यात वायर लावून ठेवली की बॅटरी आतल्या आत संपत राहते. आमच्या अभ्यासिकेत पंखा बंद करायला कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथं वायर कोण काढणार? आणि ऐन कार्यक्रमात बॅटरी गेली तर? आम्ही पॅसिव्हवर बोट ठेवलं. पाच तारांचा बेसही लगेच बाद केला. पाचवी तार आणखी खाली जाते हे खरं, पण मान रुंद होते आणि आमच्या गाण्यांना चार तारा पुरून उरतात.

राहिली लांबी, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

तारेची मोकळी लांबी, घोडीपासून खुंट्यांकडच्या खाचेपर्यंतची, नेहमीच्या बेसमध्ये ३४ इंच असते. छोट्या मापाच्या बेसमध्ये ३० इंच. त्याहून लहान, २८.६ इंचांचेही मिळतात, आयबानेझचा मिक्रो त्यातलाच. लांबी कमी झाली की पडदे जवळ येतात. ३४ इंची बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत बोटं ताणली तर १३ सेंटिमीटर होतात, ३० इंचीवर साडेअकरा. दीड सेंटिमीटरचा हा फरक. स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची आठवा. गवंड्यानं ठरवलेल्या मापाच्या ओट्यापुढे पाटावर उभं राहून भाकऱ्या थापणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दोन बोटांनी काय बिघडतं, हे त्यांच्या पाठीला माहीत असतं.

पुण्याच्या दुकानात आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो, मी, सर आणि तिघी. विक्रेता तसा भला होता, पण मुली बघताच त्यानं सगळ्यात छोटा बेस काढला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हा घ्या, लेडीज साइज.’’

आता मी सांगलीची. मिरज शेजारी. तानपुऱ्यात बायकांचा आणि पुरुषांचा हा भेद मला लहानपणापासून माहीत आहे. मिरजेत बायकांसाठी लहान तानपुरा करतात तो त्यांचा स्वर वरचा असतो म्हणून. तिथं माप सुराला धरून बदलतं. बेसचं तसं नाहीच. ३४ इंची असो की ३० इंची, चारही तारा त्याच सुरांत लागतात. फक्त छोट्यावर त्या जरा सैल राहतात, बोटाला हलक्या लागतात आणि आवाज अधिक गोल, बोथट येतो. जाडी तार तर कधीकधी लोळल्यासारखी वाटते. मग यात लेडीज काय आणि जेन्ट्स काय? बीटल्सचे पॉल मॅकार्टनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस वाजवायचे, तो ३० इंचीच. (तो १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडल्याची बातमी २०२४ मध्ये आली!) उलट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये १९६०च्या दशकात असंख्य गाण्यांना बेस देणाऱ्या कॅरल के वाजवायच्या ३४ इंची प्रिसिजन. चणीनं लहान असलेल्या सुझी क्वात्रोही मोठा प्रिसिजन गळ्यात घालून मंचावर उभ्या राहायच्या. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे तर पाचच काय, सहा तारांवरही हात चालवते.

मग सरांनी एक छान गोष्ट केली. तिघींना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि चार बेस एकामागून एक वाजवून दाखवले, नावं न सांगता. घरी मोबाइलवर ऐकून मुलींनी मतं बनवली होती, ती इथं गळून पडली. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला हे खालचे सूर झेपतच नाहीत. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, तो आवाज कानापेक्षा छातीत कळतो. तुम्ही कुणासाठी घेणार असाल तर निदान हेडफोन लावून तरी ऐका, बरं का.

थोरलीनं आवाजावरून जॅझ निवडला, मधलीनं प्रिसिजन. धाकटी म्हणाली, ‘‘सर, दुसरा आणि चौथा.’’ त्यातला चौथा ३० इंची होता.

मग प्रत्येक बेस प्रत्येकीच्या गळ्यात घातला. हे फार महत्त्वाचं. बसून सगळेच बरे वाटतात. उभं राहून डावा हात सोडला की काहींची मान धाडकन खाली जाते, मग वाजवणारीचा अर्धा जीव ती सावरण्यातच जातो. चार किलोंच्या आसपासचं ओझं एकाच खांद्यावर येतं, पट्टा रुंद असलेला बरा. सरांनी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून तपासली, कुठे झणझणते का ते पाहायला. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यापाशी कधीकधी सूर लवकर विरतो, तिथं जास्त वेळ थांबले.

३४ इंचीवर धाकटीची करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत जाईना. सरांनी तिला डबल बेसवाल्यांची युक्ती दाखवली. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाला एकत्र धरायचं, चारऐवजी तीनच पडदे कवेत घ्यायचे आणि हात सरकवायचा. तिला ते जमलं. पण दहा मिनिटांत मनगट चोळायला लागली.

तेव्हा थोरली म्हणाली, ‘‘ताई, तिच्याच मापाचा घ्या. माझं घरी लग्नाचं बघतायत, मी किती दिवस वाजवणार?’’

दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. आपण बायका स्वतःचा वाटा ताटातून काढून दुसरीच्या ताटात वाढण्यात इतक्या पटाईत असतो की ते कौतुकाचं ठरतं. मी तिला म्हटलं, ‘‘तुझ्या लग्नाचा यात संबंध नाही. छोट्यावर तुला वाजवता येतंय की नाही, तेवढं सांग.’’ तिनं पुन्हा ३० इंची हातात घेतला. हा आयबानेझचा टीएमबी ३०, दोन पिकअप असलेला. दोन्ही बटणं वरखाली करत ती बराच वेळ वाजवत राहिली. जाड तार तिला सैल वाटली. सरांनी सांगितलं की थोडी जाड तार लावली की ते सुधारतं. शेवटी म्हणाली, ‘‘मागचा पिकअप वाढवला की जॅझसारखं बोलतो थोडंफार. चालेल मला. खरंच चालेल.’’

हिशेब मग सोपा होता. लांब हाताला छोटा बेस वाजवता येतो, छोट्या हाताला लांब बेस रोज तासभर वाजवणं कठीण. टीएमबी ३० घेतला.

एक अडचण होती. छोट्या मापाच्या तारा वेगळ्या येतात आणि आमच्याकडे त्या सहज मिळत नाहीत. म्हणून दोन संच तिथंच घेतले. बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा पुष्कळ टिकतात, त्यामुळे तूर्त काळजी नाही. ॲम्पही बेसचाच घेतला, लहानसा. गिटारच्या ॲम्पवर बेस मोठ्यानं वाजवला तर स्पीकर फाटायची भीती असते. मोठ्या कार्यक्रमाला आमचा ॲम्प पुरणार नाही, तेव्हा मंडपातल्या मिक्सरला जोडायचं असं ठरलंय. पट्टा, वायर, सूर लावायचं यंत्र आणि कापडी पिशवी धरून तीस हजारांत सगळं बसलं. उरलेल्या पैशांत स्टेशनवर सगळ्यांचा वडापाव झाला, तो मात्र माझ्या खात्यावर लिहिला, बाईंच्या नाही.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि मान किंचित वाकते. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती किल्लीनं पाव फेरा फिरवून सरांनी जुलैत एकदा नीट केली. मुलींना त्या किल्लीला हात लावायची अजून परवानगी नाही. अभ्यासिकेच्या भिंतीवर वेळापत्रक लावलंय. धाकटी शाळा सुटल्यावर पाच ते सहा, मधली सहा ते सात. थोरलीचं दुकान नऊला बंद होतं, म्हणून तिची वेळ सकाळी सातची. शेजारच्या आजींची त्यावर तक्रार आली होती. आता ती हेडफोन लावून वाजवते.