आधी दारू की आधी आजार?

समजा, एका शाळेत एक सर आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्यांचा उत्साह नुसता उतू जात होता. विज्ञान प्रदर्शन, सहल, हस्तलिखित, सगळे त्यांनी एकट्याने अंगावर घेतले. रात्री दोन-तीन तासांची झोप त्यांना पुरे. बोलणे थांबत नसे. पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी चार संगणक आणले, कशासाठी ते कुणालाच उमगले नाही. दिवाळीनंतर तेच सर वर्गात गप्प बसू लागले आणि मग रजेवर गेले. दोन्ही काळांत एक गोष्ट मात्र समान होती: संध्याकाळची बाटली. घरच्यांनी त्यांना मनोविकारांच्या दवाखान्यात नेले. तिथे सांगितले गेले, ‘आधी यांची दारू सोडवा, मग या.’ व्यसनमुक्ती केंद्रात नेले तर तिथले म्हणाले, ‘आधी यांचे डोके शांत करून आणा.’

हे सर काल्पनिक आहेत. या दोन दारांमधली फरफट मात्र अनेक कुटुंबांच्या अनुभवाची आहे.

सरांना जो आजार आहे त्याला द्विध्रुवीय विकार, म्हणजे बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य, आणि मधे महिनोन्महिने अगदी नेहमीसारखा माणूस. तो बहुधा पंधरा ते पंचवीस या वयाच्या आसपास प्रथम डोके वर काढतो. दारूशी त्याची गाठ विलक्षण घट्ट आहे. अमेरिकेत पाच ठिकाणी सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण लोकांपैकी साधारण १४ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेला होता. ज्यांना पूर्ण स्वरूपाचा द्विध्रुवीय विकार होता त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्के निघाले.

असे का? एकच कारण देता येत नाही. उन्मादात धोक्याची जाणीव बोथट होते, नैराश्यात माणूस घटकाभर सुटका शोधतो, आणि दोन्ही आजारांत आनुवंशिकतेचा वाटा आहे. एक दुवा मात्र स्पष्ट दिसतो, तो झोपेचा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. आणि मोडलेली झोप हे उन्मादाचे नेमके निमंत्रण असते. म्हणजे झोपेसाठी घेतलेला पेला पुढच्या झटक्याची तयारी करतो.

निदानात दारू आणखी एक घोळ घालते. नुसत्या दारूनेही नैराश्य येते, आणि ती बंद केल्यावर ते पुष्कळदा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टर विचारतात, माणूस पीत नव्हता त्या काळात कधी उन्माद आला होता का? पिणे सुरू होण्याआधी? घराण्यात कुणाला? ही माहिती घरच्यांकडे आणि सहकाऱ्यांकडेच असते. ती सांगितली गेली नाही आणि केवळ नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्या काही रुग्णांना उन्मादाकडे ढकलू शकतात.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही, आमचा विषय रसायनशास्त्र. त्यामुळे लिथियमपाशी थोडे रेंगाळतो. आवर्तसारणीच्या पहिल्या गणात सोडियमच्या डोक्यावर बसलेले हे मूलद्रव्य तुम्ही मुलांना शिकवताच. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन आलेला गुण प्रसिद्ध केला. दुर्दैवाने त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी म्हणून विकले जाणारे लिथियम क्लोराइड घेऊन काही जण दगावले आणि या औषधाची बदनामी झाली. डेन्मार्कच्या मोगेन्स स्काउ यांच्या चिकाटीच्या कामामुळे ते पुन्हा उभे राहिले. अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळायला १९७० साल उजाडले. आजही द्विध्रुवीय विकारावरच्या औषधांत त्याचे स्थान वरचे आहे.

अडचण अशी, की औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल लिथियम हवे. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. आता मूत्रपिंडांकडे पाहा. सोडियम आणि लिथियम यांच्यात त्यांना फारसा फरक करता येत नाही. शरीरात पाणी व मीठ कमी पडले की ती सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्यासोबत लिथियमही अडकून राहते. दारू लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाला दाबते, म्हणून लघवी जास्त होते. त्यात उलट्या, त्यात जेवण नाही. दुसऱ्या दिवशी ठणकणाऱ्या डोक्यावर आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर तीही मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडू देत नाही. पातळी चढते. मग हात कापतात, चाल लटपटते, जीभ जड होते. बघणारा म्हणतो, ‘आज पुन्हा ढोसून आलाय!’ आणि त्याला झोपवून ठेवतो, जेव्हा खरे तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यायला हवे असते. (निर्जळी उपवास, जुलाब आणि वैशाखातले ऊन यांनीही हेच घडू शकते. लिथियम घेणाऱ्याने मीठ एकाएकी तोडू नये ते याचसाठी.)

मग लिथियम चालू असताना दारू एकदम बंद करून टाकावी? रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत तेही घरच्या घरी करणे धोक्याचे. दारू मेंदूतील शांत करणाऱ्या संदेशांना जोर देते आणि उत्तेजक संदेशांना दाबते. वर्षानुवर्षांनी मेंदू हा दाब गृहीत धरून आपला तोल बसवतो. दाब अचानक उठला की उत्तेजना उसळते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर आणि ताप. यात माणूस दगावूही शकतो. खोलीत कोंडून ‘उतरवण्याचा’ खेडोपाडीचा उपाय म्हणूनच भयंकर आहे. रुग्णालयात हे काम शामक औषधे कमी कमी करत आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन सुखरूप पार पाडता येते. तितकाच घातक उपाय म्हणजे जेवणात गुपचूप पूड मिसळणे. त्या पुडीत डायसल्फिरॅम असेल आणि माणूस वर दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय हे औषध काही रुग्णांत मनोविकार भडकवते.

एक आजार बरा केला की दुसरा आपोआप सुटेल, ही आशा संशोधनात टिकलेली नाही. इहसान सल्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांचा पिट्सबर्गमधला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही आजार असलेल्या ५९ जणांना लिथियम चालूच होते. त्यांतल्या निम्म्यांना जोडीला व्हॅल्प्रोएट आणि बाकीच्यांना औषधहीन गोळी दिली. मन:स्थिती दोन्ही गटांत सारखीच सुधारली, पण अतिमद्यपानाचे दिवस व्हॅल्प्रोएटच्या गटात कमी झाले. (हे औषध यकृतावर लक्ष ठेवूनच द्यावे लागते, आणि गर्भाला अपाय करत असल्याने तरुण स्त्रियांना शक्यतो देत नाहीत.) बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात रॉजर वाइस यांनी तर दोन्ही मिळून एकच आजार मानणारी गट-उपचारपद्धती बसवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ६२ रुग्ण होते. केवळ व्यसनावर बोलणाऱ्या गटापेक्षा या गटातल्यांचे नशेचे दिवस कमी भरले. मन:स्थितीची लक्षणे मात्र त्यांच्यात किंचित जास्तच नोंदली गेली. म्हणजे कोडे पुरते सुटलेले नाही. पण ‘आधी हे, मग ते’ या पद्धतीच्या बाजूने आम्हांला काहीच भक्कम सापडत नाही.

आपल्याकडे १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झाल्यापासून व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना नवी राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या आहेत. तरी व्यसनमुक्तीच्या वर्तुळात एक समज अधूनमधून भेटतो: मनाच्या गोळ्या म्हणजे दुसरी नशाच, त्याही सोडा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या स्वतःच्या पुस्तिकेत सभासदांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये असे बजावलेले आहे. लिथियमची चटक लागत नाही. पण ते अचानक सोडले तर उन्माद उलटतो, आणि दोन्ही आजार एकत्र असताना आत्महत्येचा धोका मुळातच वाढलेला असतो.

तेव्हा उपचार सुरू करताना एकाच डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगाव्यात. दोन ठिकाणी जावे लागत असेल तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवावी. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येते. पहिल्या भेटीला जाताना गेल्या महिन्याचा एक तक्ता न्यावा. हजेरीपट ठेवणाऱ्या शिक्षकाला तो अवघड नाही. रोजच्या रकान्यात झोपेचे तास, किती प्यायले, मन कसे होते, गोळी घेतली की नाही. लिथियम चालू असेल तर आणखी एक रकाना, शेवटची गोळी किती वाजता घेतली त्याचा. रक्ताचा नमुना तिच्यानंतर बारा तासांनी द्यायचा असतो.