सोयाबीनच्या दुधाला उग्र वास का येतो?

पेलाभर दूध प्यायल्यावर काही जणांचे पोट फुगते, गुरगुरते, कधी जुलाबही होतात. असे का होते? दुधात लॅक्टोज नावाची शर्करा असते. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, लहान आतड्यात तयार होते. पुष्कळांच्या शरीरात बालपणानंतर त्याचे प्रमाण घटते. मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाते, तेथील जीवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. यांपैकी कित्येकांना दही-ताक सोसते. ज्यांना तेही सोसत नाही किंवा नको असते, ते वनस्पतिजन्य दुधाकडे वळतात.

पण कोणत्या? नारळाचे दूध सोलकढीला उत्तम. मात्र त्यात स्निग्धांश पुष्कळ आणि प्रथिने थोडी. बाजारातील बहुतेक बदामपेयांत पाणी फार आणि बदाम थोडे असतात. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनचे दूध पुरेसे दाट केले, तर या बाबतीत ते त्याची बरोबरी करते. अडचण एकच. पहिल्या घोटालाच कच्च्या शेंगांसारखा उग्र वास येतो आणि पेला तसाच राहतो. पोषक अन्न पोटात गेलेच नाही, तर त्याचा उपयोग काय?

आता एक गंमत पाहा. कोरड्या, अखंड सोयाबीनला हा वास जवळजवळ नसतोच! मग तो येतो कोठून?

सोयाबीनमध्ये तेल असते आणि लिपॉक्सिजनेज नावाचे विकरही असते. अखंड दाण्यात ती दोन्ही एकमेकांपासून अलग असतात. दाणे पाण्यात वाटले की पेशी फुटतात. तेल, विकर, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात. विकराच्या साहाय्याने तेलातील काही मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते आणि हेक्झॅनलसारखी वासाची संयुगे बनतात. ती अत्यल्प असली तरी नाकाला जाणवतात. शिवाय ती प्रथिनांना चिकटून बसतात, म्हणून दूध नंतर कितीही उकळले तरी वास पुरता जात नाही.

यावर उपाय काय? वास तयारच होऊ द्यायचा नाही! विकर हे प्रथिन असते. उष्णतेने त्याची रचना बिघडते आणि त्याचे काम थांबते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखवून दिले, की ८० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पाण्यात सोयाबीन वाटले, तर हा वास रोखता येतो.

हा प्रयोग तुम्हीही मोठ्यांच्या मदतीने करा. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा आणि त्याचे दोन समान भाग करा. पहिला भाग ५ मिनिटे थंड पाण्यात ठेवा, निथळा आणि ४०० मिलिलिटर थंड पाण्यात वाटा. दुसरा भाग ५ मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, निथळा आणि तेवढ्याच कढत पाण्यात वाटा. कढत पाणी उसळते, म्हणून मिक्सरचे भांडे अर्धेच भरा आणि थोडे थोडे वाटा. दोन्ही दुधे फडक्यातून गाळा व ढवळत १५ मिनिटे उकळा. फेस लवकर वर येतो. त्याला उकळी समजू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे पदार्थ असतात, म्हणून हे उकळणे टाळू नका.

दुधे सारखीच निवू द्या. पेल्यांच्या तळाशी आकडे लिहा आणि कोणते दूध कोणत्या पेल्यात आहे हे न सांगता मित्रांना वास घ्यायला व चव पाहायला द्या. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी चव घेऊ नये. निकाल नोंदवल्यानंतरच साखर-वेलदोडा घाला!

मात्र एक लक्षात ठेवा. घरच्या सोयादुधात कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा बरेच कमी असते. ते नाचणी, तीळ यांतून मिळवावे. ब-१२ जीवनसत्त्व त्यात नसते. ही दोन्ही काही तयार पेयांत घातलेली असतात, म्हणून वेष्टन वाचावे. एक वर्षाखालील बाळाला हे दूध आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये.

आता पुढचा प्रश्न: दाणे ५ मिनिटांऐवजी २ किंवा १० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवले तर? तुमच्या वर्गाला कोणते दूध सर्वांत आवडते, ते करून पाहा.